एन्रॉन २००१मध्ये बंद पाडलं, ते चुकलं का?

सांजवात: परवा गोपाळगडावर गेलो होतो. तटावर उभं राहिलं की शेजारीच तो अमेरिकन एन्रॉन कंपनीचा अवाढव्य वीजप्रकल्प. (नाव दाभोळचं, पण प्रकल्प खाडीच्या या अंगाला, अंजनवेलला. दाभोळकरांची फुकटची बदनामी.) माझं मत, मे २००१मध्ये राज्य वीज मंडळाने तिथली वीज घेणं थांबवलं ती घोडचूक. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा दोन वर्षं चालू होता, १,४४४चा दुसरा जवळजवळ उभा होता. पुढे मुंबई सोडून महाराष्ट्राने भारनियमन सोसलं.

फ्यूजवायर: वीज घ्या नाहीतर घेऊ नका, क्षमतेचं भाडं भरायचंच, असा करार. तेही डॉलरशी बांधलेलं. गॅस यायचा होता, तोवर नाफ्था (खनिज तेलापासूनचं इंधन) जाळायचा, आणि २०००मध्ये तेल भडकलेलं. उचल कमी झाली की तेच भाडं थोड्या युनिटांवर पडायचं. युनिट सात रुपयांच्या वर गेलं! ही वीज परवडणारी नाही म्हणून जागतिक बँकेने १९९३मध्येच कर्ज द्यायला नकार दिला होता.

सांजवात: उचल कमी केली कोणी? मंडळानेच ना? हॉटेलात खोली घ्यायची, झोपायचं ओसरीवर, आणि भाडं महाग म्हणून ओरडायचं.

जुनाखांब: २८ जानेवारी २००१ आठवा. थंड यंत्रापासून तीन तासांत पूर्ण भार द्यायचा, असं करारात होतं. मंडळाने मागितला, मिळाला नाही. ४०१ कोटींचा दंड लावला. खोलीचं दारच उघडेना, तर ओसरीवरच झोपणार.

खाडीकाठ: तुम्ही युनिटं मोजताय. जून १९९७मध्ये पहाटे, प्रकल्पाला विरोध करणाऱ्या शेजारच्या वेलदूरच्या कोळ्यांच्या घरांत पोलीस घुसले, बायकांना ओढून काठ्यांनी मारलं. ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने त्याच वर्षी ते लिहून ठेवलंय.

सांजवात: ते कबूल, त्यावर वादच नाही. नाही म्हणायची वेळ १९९५ची होती. शिवसेना-भाजप युतीने 'समुद्रात बुडवू' म्हणत प्रकल्प रद्द केला आणि वाटाघाटी करून आणखी मोठा परत आणला.

फ्यूजवायर: आणि २००५नंतर? एन्रॉन गेली, प्रकल्प चालवायला रत्नागिरी गॅस ही नवी कंपनी आली. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या समुद्रातून येणारा गॅस आटला, २०१३मध्ये यंत्रं पुन्हा थंड. दुखणं गॅसचंच होतं.

सांजवात: जहाजाने आणलेला गॅस उतरवायला धक्का आहे की तिथे! ब्रेकवॉटर (लाटा अडवणारा बांध) कित्येक वर्षं अर्धवट होता, म्हणून पावसाळ्यात जहाज लागेना. अर्धवट का? २००१मध्ये काम थांबलं म्हणून.

फ्यूजवायर: बरं, जहाज लागलं असतं. त्यातला गॅस कोणत्या भावाने घेतला असता, तेवढं सांगा.