'नो डायलटोन' आलं म्हणून मोडेम बदलू नका

फोनच्या लाइनवरून नेट जोडणाऱ्या जुन्या डायल-अप मोडेमवर 'नो डायलटोन' (फोनचा टोन मिळत नाही) असा मेसेज आला की मोडेम गेला समजायचा, असं काहीजण सांगतात ते पटत नाही. रिसीव्हर उचलल्यावर टोन नीट ऐकू येत असेल तर मोडेम बहुधा ठणठणीत असतो, त्याला फक्त आपल्याकडचा टोन ओळखता येत नाही. विंडोज ९८ मध्ये मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन डायलटोनची वाट बघण्याची टिक काढा, नाहीतर 'एक्स्ट्रा सेटिंग्ज'मध्ये 'एटीएक्स३' (टोनची वाट न बघता डायल करायची आज्ञा) टाका. सिडकोत आमच्या घरी एवढ्यावरच काम भागलं. दुकानदार मात्र नवीन मोडेम कार्ड गळ्यात मारायला टपलेलाच होता!

आणखी एक भानगड म्हणजे नेट जोडताच माऊस गोठणं. जुना सिरियल माऊस कॉम १ वर (पहिल्या सिरियल पोर्टवर) असतो आणि इंटर्नल मोडेम कॉम ३ वर बसला की दोघांच्या वाट्याला आयआरक्यू ४ (प्रोसेसरचं लक्ष वेधायची एकच लाइन) येतो. मोडेम कॉम २ वर घ्या (कार्डावर त्यासाठी जंपर, म्हणजे पिना जोडायच्या छोट्या टोप्या, असतात), आणि बोर्डावरचा कॉम २ बायोसमधून (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंग्जमधून) बंद करा. आणि हो, वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की फोनची वायरसुद्धा मोडेममधून काढायची, नुसता लाइटचा प्लग काढून भागत नाही.