काउंटर ‘उलटला’ की ‘फिरला’? आणि कॅश ‘कालबाह्य’ की ‘शिळी’?

हिंगणा, नागपूर:
पोरांसाठी एनएफएसच्या (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवरच्या फाइली वापरायची सोय) नोट्स मराठीत करून राहिलो आहे. जुन्या नोट्समध्ये रॅपअराउंडला (मोजणारा काउंटर शेवटच्या आकड्यानंतर परत शून्यावर येणे) ‘काउंटर उलटणे’ आणि कॅश एक्स्पायरीला (जवळ ठेवलेल्या माहितीची मुदत संपणे) ‘कॅश कालबाह्य होणे’ असं आहे. एका पोरीनं विचारलं, सर, उलटला म्हणजे मुदत संपली ना? चांगले शब्द सुचवा.

धरमपेठ:
तिची शंका रास्त आहे भाऊ. लाइटबिलाची तारीख उलटली, मुदत उलटली असं आपण रोज बोलतो, म्हणजे हा शब्द आधीच एक्स्पायरीनं घेतलेला आहे, आणि इथं तर दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात येतात. लिनक्सचा जिफीज काउंटर, म्हणजे वेळेचे ठोके (टिक) मोजणारा आकडा, 32 बिटचा असेल आणि सेकंदाला 1000 टिक पडत असतील तर साधारण 49.7 दिवसांनी तो परत शून्यावर येतो. समजा काउंटर 4294967000 वर आहे आणि आपण 3 सेकंदांची, म्हणजे 3000 टिकची मुदत दिली, तर बेरीज शून्यावरून पुढं जाऊन येते 2704! आता काउंटर मुदतीच्या आकड्यापेक्षा ‘मोठा का’ एवढंच पाहिलं तर मुदत दिल्या दिल्या संपलेली दिसते. हे समजावताना ‘काउंटर उलटला पण मुदत उलटली नाही’ असं लिहायचं का? ‘फिरला’ म्हणा. पहिल्यांदा ‘फिरून शून्यावर आला’ असं पूर्ण लिहा, मग नुसतं ‘फिरला’ चालते.

सिव्हिल लाइन्स:
‘फिरला’ला माझंही मत. पण ‘कालबाह्य’ काढाच, कालबाह्य झाली ती फ्लॉपी. एनएफएस क्लायंट (फाइल वापरणारं मशीन) फाइलची साइज, बदलाची वेळ वगैरे जवळ ठेवतो, लिनक्समध्ये डिफॉल्ट फाइलसाठी 3 ते 60 सेकंद आणि डिरेक्टरीसाठी 30 ते 60, ती वेळ गेली की सर्व्हरला विचारतो, आणि काही बदललं नसेल तर जवळचा डेटा तसाच वापरतो. म्हणजे मुदत संपली तरी माहिती चांगली असू शकते. उलट दुसऱ्या मशीनवरून कोणी आत्ताच फाइल बदलली तर मुदत बाकी असतानाच ती शिळी झालेली असते. ‘मुदत संपली’ आणि ‘शिळी’ हे दोन शब्द वेगळेच ठेवा, पोरं नेमकी इथंच गोंधळतात.

धरमपेठ:
अजून एक, ‘मुदतीत आहे’ हा शब्दही घ्या. फिरणारा काउंटर सांभाळायला दोन वेळांची वजाबाकी करून चिन्ह बघतात, पण ते अर्ध्या फेऱ्यापर्यंतच खरं, सेकंदाला 1000 टिक असतील तर सुमारे 24.8 दिवस. त्याहून जास्त दिवस कोणी हात न लावलेली नोंद असेल तर ‘नंतर’चं ‘आधी’ होते आणि जुनी नोंद ताजी वाटते. म्हणून एनएफएसचा कोड ‘मुदत उलटली का’ विचारतच नाही, नोंद घेतली तेव्हापासून मुदतीपर्यंतच्या टप्प्यात आत्ताची वेळ बसते का ते बघतो, नाही बसली की संपली.

हिंगणा, नागपूर:
मग ‘फिरला’, ‘मुदतीत’, ‘मुदत संपली’, ‘शिळी’ हे चार पक्के. लिनक्समध्ये हा काउंटर बूटनंतर 5 मिनिटांनीच फिरेल अशा आकड्यापासून मुद्दाम सुरू करतात, बग लवकर सापडावा म्हणून, तेही ‘फिरला’च्याच पानावर घालतो.