उन्हाचं पुरळ की गोळीचं?

वर एकांनी लिहिलंय की गोळीनंतर अंगावर उठलेलं पुरळ नागपूरच्या उन्हाचंच असेल, ताक प्या. आईच्या बाबतीत आम्हीही हेच समजलो होतो. नागपुरातल्या महाल भागातल्या घरी, लघवीच्या जंतुसंसर्गाची गोळी घेतली की तिच्या उजव्या मनगटावर, अगदी त्याच जागी, रुपयाएवढा जांभळट चट्टा उठायचा. आग व्हायची, मग काळा डाग उरायचा. तिसऱ्या खेपेला त्वचेच्या डॉक्टरांनी जुन्या चिठ्ठ्या मागितल्या. प्रत्येकीत सल्फा, म्हणजे जंतुसंसर्गावरच्या औषधांचा एक गट! घामोळं असं एकच जागा धरून बसत नाही हो.

तिचं डागावर निभावलं. पण पुरळासोबत ताप, तोंडात फोड, डोळे लाल किंवा कातडी सुटायला लागली तर घरी थांबूच नका, थेट मोठं हॉस्पिटल गाठा. तो स्टीव्हन्स-जॉन्सन, म्हणजे औषधाने होणारा, कातडी सोलवटणारा जिवावरचा आजार असू शकतो. सल्फा, फिटसाठीची कार्बामाझेपिन, युरिक ॲसिडची ॲलोप्युरिनॉल यांनी तो होतो, बहुधा पहिल्या दोन महिन्यांत. म्हणून ‘महिनाभर तर चालली ना गोळी’ हा पुरावा धरू नका.

आईच्या पाकिटात आता आधार कार्डाला चिकटवलेली चिठ्ठी असते: ‘सल्फा चालत नाही.’ आणि असा त्रास १८००-१८०-३०२४ या सरकारी क्रमांकावर रुग्णालाही कळवता येतो.