हंपीजवळची 'वालीची राख' नक्की कशाची आहे?

भटक्या_सोलापूरचा

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन हंपीला गेलो होतो. विठ्ठल मंदिर बघून झाल्यावर आमच्या गाइडने पलीकडे निंबापूर गावाच्या बाजूला बोट दाखवलं आणि म्हणाला तिकडे वालीची राख आहे, रामाने वालीला मारल्यावर तिथेच त्याला अग्नी दिला. बाबा म्हणाले आलोच आहोत तर बघू. मला वाटलं असतो तसा एखादा शेंदूर लावलेला दगड असेल आणि त्याला नाव दिलेलं असेल, पण नाही, तिथे खरोखर राखच आहे! चांगला मोठा ढिगारा, वर गवत उगवलंय, आणि जिथे माती ढासळलीये तिथे आत पांढरट करडी राख दिसते आणि मधेमधे काळपट, वितळून गोठल्यासारखी, भोकाभोकांची ढेकळं. हातात घेतलं तर आकाराच्या मानाने हलकं. बाबांनी हात जोडले आणि मी तिथेच खुळ्यासारखा बघत बसलो कारण एवढी राख आली कुठून हेच कळेना.

घरी आल्यावर थोडं वाचलं तर म्हणे ही शेणाची राख आहे आणि चार-पाच हजार वर्षांपूर्वीची आहे, नवाश्मयुगातली. शेणाची? आमच्याकडे होळीला गाडीभर गोवऱ्या पेटवतात तरी सकाळी टोपलीभर राख उरते, मग इथे किती शेण जाळलं असेल? आणि शेण जळून दगडासारखं घट्ट कसं होईल? कुणी या विषयातलं असेल तर नीट सांगा, बाबांनाही वाचून दाखवायचं आहे.

काळीमाती

फार बरं वाटलं हा प्रश्न बघून. मी पुण्यात आर्किऑलॉजी शिकले, आता नोकरी वेगळी करते पण हा विषय सुटलेला नाही.

हो, शेणाचीच राख आहे. आणि निंबापूरचा ढिगारा एकटा नाही, बळ्ळारी, रायचूर, कोप्पळ, यादगीर आणि तिकडे आंध्र-तेलंगणातल्या लगतच्या जिल्ह्यांत मिळून असे शंभराहून जास्त ढिगारे माहीत आहेत. इंग्रजीत त्यांना ॲशमाउंड म्हणतात, आपण राखेचे ढिगारे म्हणू. इंग्रजांच्या काळात लोकांनी डोकं खाजवलं ते याच्यावरच. १८३० च्या दशकात कॅप्टन न्यूबोल्डने यांची नोंद केली. कुणाला वाटलं लोखंड गाळायच्या भट्ट्यांचा मळ आहे, आणि रॉबर्ट स्यूएलने तर १८९९ मध्ये यांचा संबंध थेट विजयनगरच्या राजांबरोबर सती गेलेल्या बायकांच्या चितांशी लावला. रॉबर्ट ब्रूस फूट, जे जिऑलॉजिकल सर्व्हेत होते आणि ज्यांनी १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला भारतातलं अश्मयुगीन हत्यार पहिल्यांदा ओळखलं, त्यांनी मात्र या ढिगाऱ्यांच्या आसपास घासून गुळगुळीत केलेल्या दगडी कुऱ्हाडी बघितल्या आणि सांगितलं की हे त्या कुऱ्हाडवाल्या लोकांचं काम आहे आणि जळलंय ते शेण.

तरी वाद मिटायला पुढे साठ-सत्तर वर्षं गेली. १९५७ मध्ये पुरातत्त्वज्ञ रेमंड ऑल्चिन यांनी उटनूरला (तेव्हाचा मेहबूबनगर जिल्हा) खणलं आणि तिथे जे सापडलं ते मला आजही वाचताना अंगावर काटा आणतं. राखेच्या थरांखाली लाकडी खांबांचे खड्डे, एकात एक असं दुहेरी कुंपण, आणि जमिनीवर गुरांच्या खुरांचे ठसे! चिखलात उमटलेले आणि वर राख पडल्यामुळे जसेच्या तसे राहिलेले. म्हणजे ती जागा गुरांचा कोंडवाडाच होता. कुंपण जळलं, परत बांधलं, परत जळलं, असं अनेकदा. त्यानंतर १९६० मध्ये झॉयनर यांनी राखेची शास्त्रीय तपासणी करून ती शेणाचीच आहे हे दाखवलं. काळ साधारण इ.स.पू. ३००० पासून पुढे, दक्षिणेतलं नवाश्मयुग इ.स.पू. १२०० पर्यंत धरतात.

बाबांना सांगा, वालीची गोष्ट काय किंवा सतीची काय, माणसाने तो ढिगारा बघून विचारलं एकच, एवढं मोठं काय जळलं. प्रश्न बरोबरच होता.

खंगर

विटांच्या भट्टीवर माझं अर्धं आयुष्य गेलंय म्हणून राख दगडासारखी कशी झाली तेवढ्यापुरतं बोलतो, इतिहास ताईंनी सांगितलाच आहे. भट्टीत जिथे जाळ जास्त लागतो तिथल्या विटा वितळून एकमेकींना चिकटतात, काळ्या-हिरव्या काचेसारख्या होतात, त्याला आम्ही खंगर म्हणतो. तुम्ही जे भोकाभोकांचं ढेकूळ सांगताय ना ते वाचून मला खंगरच डोळ्यासमोर आला.

शेणात काय असतं, गवत. गवताच्या पात्यात वाळूचा अंश असतो, सिलिका म्हणतात, पातं बोटाला कापतं ते त्यामुळेच. शेण जळलं की ती सिलिका राखेत उरते आणि त्याच राखेत क्षार पण असतात, पूर्वी राखेने कपडे धुवायचे ते ह्याच क्षारामुळे. आता नुसती वाळू वितळायला प्रचंड उष्णता लागते, पण क्षार बरोबर असला की ती बऱ्याच कमी उष्णतेला वितळते, काच बनवतात ती ह्याच तत्त्वावर. होळीत असं होत नाही कारण होळी उघड्यावर असते, भसकन पेटते आणि उष्णता वाऱ्यावर जाते. पण माणसाच्या उंचीचा वाळलेल्या शेणाचा ढीग पेटवून बघा, वरची राख पांघरुणासारखी बसते आणि आत धग कोंडते, दिवसचे दिवस आत लाल राहतं, भट्टी लागते तसंच. म्हणून काही थर भुसभुशीत राख आणि काही थर वितळलेले असणार. ताई, असंच आहे का ते सांगा.

काळीमाती

अगदी तसंच आहे दादा! काही ठिकाणी न जळलेल्या शेणाचा थर, वर मऊ राख, वर वितळलेला थर, मग पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे एकदाच सगळं जळलं असं नाही, साठवायचं, जाळायचं, परत साठवायचं. खंगर हा शब्द मी माझ्या वहीत लिहून ठेवलाय.

वाघर

आम्ही मेंढरंवाले. आजोबा आणि वडील कोकणात उतरायचे दरवर्षी, मी लहानपणी चार-पाच वर्षं बरोबर गेलोय. सगळं वाचलं आणि पटलंही पण एक गोष्ट गळ्याखाली उतरत नाही ती विचारतो. आम्ही रात्री शेतकऱ्याच्या रानात वाघर (म्हणजे जाळीचं कुंपण) लावून मेंढरं बसवतो आणि त्या लेंडीखताचे शेतकरी आम्हाला धान्य देतो, पैसे देतो, कारण रान पिकतं. जनावराच्या मागचं सोनं असतं ते. मग ह्या लोकांनी एवढं खत जाळलं कसं काय? शेती करत नव्हते का? आणि नुसता कोंडवाडा साफ करायचा होता तर शेण बाहेर फेकून द्यायचं, पेटवायचं कशाला?

माझ्या परीने एक कारण सांगतो. पावसाळ्यात वाड्यात रेंदा होतो, गोचीड आणि गोमाश्या जनावराला उभं राहू देत नाहीत, तेव्हा आम्ही संध्याकाळी धुरी करतो. खुरकुताची साथ आली की म्हातारी माणसं सांगायची जागा सोडा, परत त्या जागेवर बसू नका. ज्यांच्याकडे शेकडो गाईबैल होते त्यांनी साथ गेल्यावर जागाच जाळून काढली असेल तर मला नवल वाटणार नाही. पण ताई म्हणतात तसं पुन्हा पुन्हा, पिढ्यानपिढ्या त्याच जागी, हे नुसत्या साथीने होत नाही.

काळीमाती

वाघरदादा, तुम्ही जिथे अडलात तिथेच अभ्यासकही अडलेत, आणि त्यावर आजही एकमत नाही. जमेल तसं सांगते.

शेती करत होते. डोरियन फुलर आणि रवी कोरीशेट्टर या अभ्यासकांनी या वसाहतींच्या मातीतून जळके दाणे वेचून काढलेत, त्यात मुख्य म्हणजे हुलगे आणि मूग, शिवाय बारीक भरडधान्यं. पण नांगरटीची मोठी शेती नव्हती, पावसावरची थोडी जमीन, आणि जीव सगळा गुरांत. हाडं बघितली तर गाईबैलांचीच जास्त, खडकांवर कोरलेली चित्रं बघितली तर तिथेही वशिंडाचे लांब शिंगांचे बैलच. त्यामुळे खताची त्यांना आपल्याइतकी गरज भासली नसेल असं मला वाटतं.

जाळायचं कारण काय यावर ऑल्चिन यांचं म्हणणं असं की वर्षातल्या ठरावीक वेळी सण म्हणून ही आग लावत असतील, आणि त्यांनी त्याचा धागा होळी, दिवाळी, पोंगल या आपल्या सणांतल्या आगीशी जोडला. कर्नाटकात जुन्या म्हैसूर भागात संक्रांतीला आजही गुरांना सजवून आगीवरून उडी मारायला लावतात, ते बघितलं की हे म्हणणं उगाच वाटत नाही. मग आपल्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या. त्यांनी शोरापूर भागात बुदिहाळला काही वर्षं खणलं, आणि ऑल्चिन यांना जे दिसलं नव्हतं ते त्यांना दिसलं, ढिगाऱ्याला लागूनच माणसांची वस्ती. घरं, चर्टच्या दगडाची पाती पाडायची जागा, जनावरं कापायची जागा, लहान मुलांची दफनं. म्हणजे रानातला एकाकी कोंडवाडा नव्हे तर गावच, आणि कोंडवाड्यातलं शेण काढून बाजूला टाकायची ठरलेली जागा. आणि तिसरी बाजू पीटर जोहान्सन यांच्यासारख्यांची, ते म्हणतात हा उकिरडा नाहीच, हे मुद्दाम रचलेलं स्मारक आहे. युरोपात त्याच सुमाराला लोक मोठाले दगड उभे करत होते, इथल्या लोकांनी त्यांच्याकडे जे सगळ्यात मोलाचं होतं ते रचलं.

मला विचाराल तर मी या तिसऱ्या बाजूकडे झुकते, आणि ते तुमच्याच प्रश्नामुळे जास्त पटतं. शेण बाहेर फेकता आलं असतं. फेकलं नाही, एका जागी वर्षानुवर्षं साठवलं आणि पेटवलं. रात्री त्या सपाट माळावर एवढी आग किती लांबून दिसत असेल! ज्याची गुरं जास्त त्याची आग मोठी. आसपासच्या वाड्यांवरची माणसं जमत असतील, बैल बदलत असतील, लग्नं जमत असतील. हे शेवटचं माझ्या मनातलं आहे, पुराव्याचं नाही. पण उकिरडा आणि देऊळ या दोन गोष्टी वेगळ्या ही आपली आजची सवय आहे, आपल्याकडेही दिवाळीत शेणाचा गोवर्धन करून पूजतातच की.

हुलग्याचं_माडगं

उशिरा वाचला धागा. आम्ही मूळचे सांगलीकडचे, वडिलांची नोकरी बळ्ळारीत म्हणून तिथेच वाढलो. लहानपणी बळ्ळारी-होसपेट रस्त्याने जाताना कुडतिनीच्या पुढे राखेचा मोठा ढिगारा लागायचा, तिथले लोक बूदी म्हणतात, कन्नडमध्ये बूदी म्हणजे राख. तेव्हा मला वाटायचं कुठल्यातरी कारखान्याची राख आहे!

भटक्यादादा, पुढच्या वेळी हंपीला गेलात तर एक दिवस बळ्ळारीला द्या. शहराजवळच संगनकल्लूचे डोंगर आहेत, तिथे १९४६ मध्ये सुब्बाराव यांनी उत्खनन केलं, तेही डेक्कन कॉलेजचेच. हिरेगुड्डा नावाचा डोंगर आहे, त्यावर दगडी कुऱ्हाडी बनवायचा त्या काळातला कारखानाच होता म्हणा ना. डोलेराइट नावाच्या काळ्या कठीण दगडाचे तुकडे आधी ठोकून आकार द्यायचे, मग टोचून टोचून सपाट करायचे आणि शेवटी खडकावर पाणी घालून घासायचे. घासून घासून खडकात पडलेल्या पन्हाळी अजून आहेत, मी त्यात हात फिरवलाय, आपल्या पाट्यावर मसाला वाटून मधे खोल होतो ना तसंच लागतं हाताला. शेजारी कुपगलला खडकावर बैल कोरलेत, आणि तिथले काही धोंडे दगडाने वाजवले की घंटेसारखे वाजतात, वाजवून वाजवून त्यांच्यावर खळगे पडलेत. शहरात फूटसाहेबांच्या नावाचं म्युझियम पण झालंय, आईबाबांना डोंगर चढवत नसेल तर तिथे न्या.

आणि एक मनातलं सांगते. ही राख गेली कित्येक वर्षं लोक शेतात घालायला काढून नेतात, रस्त्याच्या कामात ढिगारे कापले गेले, कुपगलकडे ग्रॅनाइटच्या खाणींनी कोरलेल्या खडकांवर संकट आणलं. शेतकऱ्याला मी दोष देत नाही, त्याला ती नुसती राख दिसते आणि कुणी सांगितलेलंच नाही. पण चार हजार वर्षं टिकलेली गोष्ट ट्रॅक्टरच्या दोन-चार खेपांत संपते हे बघवत नाही. बाकी माझ्या आईने हुलग्याचं माडगं केलं की मी आता मुलांना सांगते की संगनकल्लूच्या लोकांच्या चुलीवर पण हुलगेच असायचे.

वाघर

ताई पटलं. ज्याची गुरं जास्त त्याची आग मोठी, हे आमच्यातल्या माणसाला वेगळं समजवायला लागत नाही. आपल्या महाराष्ट्रात का नाहीत असे ढिगारे?

काळीमाती

महाराष्ट्रात असे ढिगारे सापडत नाहीत. आपल्याकडची जुनी शेतकरी गावं, म्हणजे दायमाबाद, जोर्वे, नेवासा, इनामगाव, ही ताम्रपाषाणयुगातली, त्यांच्याकडे थोडं तांबं होतं आणि रंगवलेली मडकी होती, गुरं त्यांच्याकडेही भरपूर पण शेण जाळून रचायची रीत नाही. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे दिसते, लहान मूल गेलं की त्याला मडक्यात ठेवून पुरायचं. इनामगावला तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून, घरातल्या जमिनीखाली.

भटक्या_सोलापूरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं, वाघरदादांचं आणि ताईंचं दोनदा. त्यांचं लहानपण गुरांमागे गेलेलं, खुरांच्या ठशांचं ऐकून बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले वालीला हात जोडले ते काही वाया गेले नाहीत.

एक कबूल करायचंय, येताना मी त्या वितळलेल्या राखेचा मुठीएवढा तुकडा खिशात घालून आणला होता, टेबलावर ठेवलाय. हुलग्याचं_माडगं ताईंचं वाचल्यावर त्याच्याकडे बघवेना. फेब्रुवारीत परत जातोय, बळ्ळारीही करणार, आणि आधी निंबापूरला जाऊन तो होता तिथे ठेवणार. कुडतिनीचा ढिगारा होसपेटकडून येताना कुठल्या बाजूला लागतो?

हुलग्याचं_माडगं

गावात पोचल्यावर कुणालाही बूदी कुठे म्हणून विचारा, दाखवतील. उन्हाच्या आधी जा, सावली नाही तिथे.