मदत हवी आहे: ग्वाल्हेरच्या उन्हात लिथियम बॅटरी, बॉनेटखाली की डिकीत?

मंडळी, ट्रॅक-डेसाठी (रेसट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायचा दिवस) हलकी करत असलेल्या पोलो जीटी टीएसआय गाडीत लेड-अ‍ॅसिड बॅटरी काढून लिथियम आयर्न फॉस्फेट (४ सेल सिरीजमध्ये, १२.८ व्होल्ट) बसवायची आहे. वजन साधारण १० किलोने उतरेल, तेही पुढच्या चाकांवरून.

अडचण उष्णतेची. मे महिन्यात इथे बाहेरच ४५ अंश, शिवाय बॉनेटखाली तापलेला टर्बो शेजारी. सेल ६० अंशांच्या वर राहिला की झपाट्याने म्हातारा होतो आणि बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) पुरवठा तोडू शकतो. चालत्या इंजिनावर तो तुटला तर अल्टरनेटरचा (इंजिनावर चालणारा, बॅटरी चार्ज करणारा जनित्र) व्होल्टेज उसळतो आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) धोक्यात येतो. मला खरी भीती याचीच आहे. जानेवारीच्या थंडीत पहिला सेल्फ मंद फिरला तरी चालेल. हेडलाइट मिनिटभर लावले की सेल ऊब धरतो.

म्हणून डिकीचा विचार आहे: ५० चौरस मिमी तांब्याची केबल, बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज, अर्थ थेट गाडीच्या शेलवर (पत्र्याच्या सांगाड्यावर) रंग खरवडून.

विचारायचं ते असं:
स्टार्टरच्या ओढीत उडणार नाही, पण शॉर्टला नक्की उडेल असा फ्यूज किती अँपिअरचा घ्यावा?
अल्टरनेटर १४.६ व्होल्टच्या वर जात नाही, हे मल्टिमीटरने थंड आणि गरम इंजिनावर पाहणं पुरेसं आहे, की लॉगर लावावा?
ग्वाल्हेरच्या लष्कर किंवा मुरार भागात हायड्रॉलिक क्रिंपिंग (केबलच्या टोकाला लग, म्हणजे धातूचं जोड-टोक, यंत्राने दाबून बसवणं) कोण करतं? हातोडीने ठोकलेला लग नको, तो तापतो.
डीसल्फेशन मोड (लेड-अ‍ॅसिडसाठीचा, लिथियमला न चालणारा) नसलेला चार्जर कुणी वापरत असेल तर मॉडेल सांगा.