आज कुठला रंग?

माझ्या कपाटात राखाडी साडी नव्हती. बेचाळीस वर्षं नव्हती आणि तिच्यावाचून काही अडलंही नव्हतं. मग एका नवरात्रातला शनिवार उजाडला. ऑफिसातल्या झाडून सगळ्या जणी राखाडीत आणि मी एकटी आमसुली रंगात. फोटोच्या वेळी मला अगदी कडेला उभं केलं. मुद्दाम कोणी केलं नाही, पण केलं. दुसऱ्याच दिवशी लक्ष्मी रोडवरून राखाडी साडी आणली. वर्षातून एकदा नेसते, आणि तो शनिवारच असतो.

नवरात्राच्या नऊ दिवसांच्या या नऊ रंगांना पोथीत आधार शोधायला जाऊ नका. वर्तमानपत्रांनी, त्यातही महाराष्ट्र टाइम्सने, ही टूम दोनेक दशकांपूर्वी लोकांत रुजवली आणि बघता बघता ती रिवाज होऊन बसली. हिशोब सोपा आहे, रंग वाराला बांधलेला. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी गडद निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी, रविवारी नारिंगी. उरलेल्या दोन दिवसांना गुलाबी, जांभळा, मोरपंखी यांतले कुठले तरी दोन. घटस्थापना ज्या वारी, त्या रंगाने सुरुवात. म्हणून 2024 मध्ये 3 ऑक्टोबरच्या गुरुवारी पिवळा पहिला आला आणि 2025 मध्ये 22 सप्टेंबरच्या सोमवारी पांढरा. (बुधाचा रंग हिरवा मानतात, मग बुधवारी निळा कसा, हे विचारायचं नसतं.)

तर प्रश्न असा, की ही नऊ दिवसांची फॅशन रोजच्या धबडग्यात तुम्ही कशी निभावता? पैठणीतले फोटो नकोत. लोकलमध्ये, वॉर्डात, शिवणयंत्रावर, स्वयंपाकघरात काय घडलं ते लिहा. न पाळणाऱ्यांनीही लिहा.

डोंबिवली, रोजचा लोकल प्रवास

आमच्या डब्यात यादी गणपतीतच फिरते. चौदा जणींचा ग्रुप आहे, आणि नवीन साडी घ्यायची नाही हा नियम आम्ही तिसऱ्या वर्षी केला. कारण दुसऱ्या वर्षी एकीने क्रेडिट कार्डावर नऊ साड्या घेतल्या आणि दिवाळीपर्यंत हप्ते फेडत बसली. आता अदलाबदल. माझी निळी इरकल तिघींनी नेसून झाली आहे, त्यातल्या एकीने पदरावर चटणी सांडली तो डाग अजून आहे.

खरी मजा विकणाऱ्यांची. लेडीज डब्यात कानातली आणि क्लिपा विकणाऱ्या बायका एरवी सगळा माल लटकवून चढतात. नवरात्रात मात्र हिरव्या दिवशी पुढच्या दोन्ही पुठ्ठ्यांवर फक्त हिरवं. दहा-वीस रुपयांत जिला साडी जमली नाही तिचीही सोय होते. ठाण्यापर्यंत पुठ्ठा रिकामा!

2025 ला नवरात्र दहा दिवसांचं आलं तेव्हा दहावा रंग कुठला यावरून डब्यात सरळ दोन तट पडले. एक तट म्हणाला जांभळा, दुसरा म्हणाला दहाव्या दिवशी सुटी, जीन्स घाला. मी जीन्स घातली. जांभळ्या तटाने दोन दिवस खिडकी दिली नाही.

नागपूर, स्टाफ नर्स

आम्हाला युनिफॉर्म. त्यामुळे पांढऱ्या दिवशी आम्ही आपोआप पहिल्या नंबरात, बाकी दिवस बाद. नेलपेंट चालत नाही, बांगड्या चालत नाहीत. मग खिशाला लावायचं पेन त्या रंगाचं. लाल, निळं, हिरवं सहज मिळतं. नारिंगीसाठी माझ्या मुलीचं स्केचपेन नेलं होतं आणि डॉक्टरांनी नेमकं तेच मागून घेऊन केसपेपरवर सही केली. राखाडीला पेन्सिल.

सांगली, ब्लाउज शिवणारा

इथे बहुतेक बायकाच लिहिणार, पण या नऊ दिवसांचा खरा भार आमच्यावर असतो म्हणून मीही लिहितो.

पूर्वी पितृपक्ष म्हणजे आमचा रिकामा पंधरवडा. त्या दिवसांत नवं कापड घ्यायचं नाही म्हणतात, त्यामुळे दुकानात शुकशुकाट, आम्ही मशीनला तेल-पाणी करून घ्यायचो. नऊ रंग आले आणि बायकांनी मधला मार्ग काढला. कापड गणपतीतच घेऊन ठेवायचं; शिवायला पितृपक्षात टाकलं तर कुठे काय बिघडतं? आता त्याच पंधरवड्यात मी रात्री एकपर्यंत बसतो. पहिले चार दिवस मिळालेली गिऱ्हाइकं खूश असतात, शेवटच्या चार दिवसांतली दारात उभी राहून 'हूक मी लावून घेते, तुम्ही फक्त बाह्या जोडून द्या' म्हणतात.

दोन गोष्टी अनुभवातून सांगतो. एक, नऊ ब्लाउज शिवू नका. माझ्या पोटावर पाय देऊन सांगतोय. सोनेरी ब्रोकेडचा एक आणि काळ्या सुती कापडाचा एक, कोपरापर्यंत बाही, एवढ्यावर नवाच्या नऊ साड्या निघतात. राखाडीवर काळा, बाकी जवळपास सगळ्यांवर सोनेरी. दुसरी, आतून माया, म्हणजे शिवणीतलं जास्तीचं कापड, भरपूर सोडायला सांगा, दोन्ही कुशीला इंच-दीड इंच तरी. ही साडी वर्षाने पुन्हा बाहेर निघणार, आणि वर्षात माणूस तेवढाच राहत नाही. दर भाद्रपदात माझ्याकडे नवे शिवायला येतात त्याहून जास्त उसवायला येतात.

गळ्यांची फॅशन मात्र दर वर्षी बदलते. लटकनवाल्या दोऱ्या झाल्या, बोटनेक झाला, फुगा बाही परत आली. माझ्या आईच्या लग्नातल्या फोटोत तीच फुगा बाही आहे. मापसुद्धा तेच.

लातूर, बँकेत

आमच्या शाखेत पुरुषांनाही रंग पाळायला लावतात. सक्ती नाही, फक्त सगळे बघतात. माझ्याकडे नारिंगी शर्ट नव्हता, म्हणून मुलाचा क्रिकेटचा टी-शर्ट चढवून गेलो. एक आजोबा पेन्शनला आले, मला खालून वर न्याहाळलं आणि शेजारच्या काउंटरला गेले.

माढा तालुका, जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका

2025 चं नवरात्र आमच्याकडे रंगांसाठी कोणाच्या लक्षात राहणार नाही. सीना नदीला पूर आला. शेतं गेली, जनावरं गेली, घरांत गाळ. बुधवारी सकाळी माझ्या फोनवर शहरातल्या मैत्रिणींचे निळ्या साड्यांतले फोटो येत होते आणि मी वर्गातले बाक भिंतीला सरकवून लोकांना झोपायला जागा करत होते. फोटो बघून राग आला, खरं सांगते. त्यांना काय माहीत होतं म्हणा.

नंतर कपड्यांचे गठ्ठे यायला लागले. चांगले होते, काहींच्या घड्याही मोडलेल्या नव्हत्या. आम्ही सतरंजीवर मांडून ठेवले. बायका आधी पुढेच येईनात, दुसऱ्याचं उतरलेलं घ्यायचं म्हणून. मग एक साठीची बाई आली, जिचं सगळं घर पाण्याखाली गेलं होतं. तिने गठ्ठा खालवर केला आणि मला म्हणाली, "बाई, आज ऐतवार न्हवं का? मग नारंगी बघा की एखादी." सगळ्या हसल्या. मग बाकीच्याही आल्या. नारिंगी निघाली नाही, केशरी काठाची एक निघाली. तिला ती चालली.

पुणे, कॉलेजात शिकते

माझी आई तीन घरी पोळ्या करते. तिच्या बहुतेक साड्या त्याच घरांतून आलेल्या. आईला रंग आवडतात, ती यादी माझ्याकडून मोठ्याने वाचून घेते. गेल्या वर्षी हिरव्या दिवशी ती हिरवी नेसून कामाला गेली. त्या ताई म्हणाल्या, "अरे वा, तुम्हीपण?"

त्या चांगल्या आहेत, पगार वेळेवर देतात. पण ते 'पण' आईने घरी येऊन मला तीनदा सांगितलं. साडी त्यांनीच दिलेली होती, त्यांना ओळखू आली नाही याचं तिला हसू येत होतं की आणखी काही, मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी राखाडी होती. तीही नेसून गेली.

म्युनिक

इथे एक वेगळाच योग आला. इथली बिअरची मोठी जत्रा, 2025 चा ऑक्टोबरफेस्ट, 20 सप्टेंबर ते 5 ऑक्टोबर, म्हणजे अख्खं नवरात्र त्याच्या पोटात. एरवी या शहरात साडी नेसून मेट्रोत बसायला मला धीर लागतो. सप्टेंबरअखेरीस थंडी सुरू झालेली असते, सगळे काळ्या-करड्या जॅकेटांत, त्यात आपण पिवळ्याधमक. पण त्या पंधरा दिवसांत निम्मा डबा डिर्नडलमध्ये, म्हणजे इथल्या बायकांच्या एप्रनवाल्या पारंपरिक झग्यात, आणि चामड्याच्या तुमानीत! मी नारायणपेठी नेसून, आत थर्मल आणि पायांत बूट घालून कामावर गेले आणि कोणी ढुंकून पाहिलं नाही. सगळेच नटलेले असले की कोणीच नटलेलं दिसत नाही.

समोर डिर्नडल घातलेली एक मध्यमवयीन बाई होती. त्यांच्या एप्रनच्या गाठीला अर्थ असतो: उजवीकडे बांधली तर लग्न झालेलं किंवा ठरलेलं, डावीकडे तर मोकळी. तिने मला विचारलं, तुमची गाठ कुठे असते? मी म्हटलं, आमची गळ्यात असते, आणि ती घालायची की नाही यावर आमच्याकडे वेगळं भांडण आहे. मग पिवळाच का ते सांगितलं. गुरुवार म्हणून, हे तिला पटलं. वर्तमानपत्रामुळे, हे त्याहून जास्त पटलं. म्हणाली, आमचंही बरंचसं तसंच आहे, आमच्या लहानपणी इतक्या जणी घालायच्या नाहीत.

ब्लाउजच्या आत थर्मल घालणार असाल तर वरचे सांगलीचे दादा सांगतात ती माया खरंच लागते.

ठाणे, वय 71

सगळ्यांचं वाचलं. नेसायचा रंग दुसऱ्याने ठरवायचा, हे आम्हाला नवं नाही. संक्रांतीला काळी चंद्रकळा, मंगळागौरीला हिरवा चुडा, सासूबाई सांगतील तो रंग. काळ्याला निदान कारण होतं, थंडीत ऊब धरतो. या नव्या यादीला तेही नाही, म्हणून सुरुवातीला मी हसायची.

हे गेले त्याला अकरा वर्षं झाली. कोणी मला काही बंदी घातली नव्हती. सून तर म्हणायची, आई, नेसा की हवं ते. पण हात जातच नाही. फिक्या साड्या आपोआप वर येतात, गडद खाली जातात. माझी एक लाल गर्भरेशमी होती, ती तळाला गेली ती गेली.

आमच्या सोसायटीत संध्याकाळी भोंडला असतो. तिसऱ्या वर्षी मंगळवारी खाली जायला निघाले, तर जिन्यात लहानथोर सगळ्या लाल. अगदी वॉचमनची बायकोसुद्धा. मी परत वर आले आणि ती साडी काढली. घडीवर पिवळी रेघ उमटली होती, डांबरगोळ्यांचा वास येत होता. तशीच नेसले. खाली कोणी काही म्हणालं नाही. म्हणणार काय, सगळ्यांचाच रंग तो! हत्तीभोवती दोन फेरे धरले, गुडघे बोलायला लागले तशी खुर्चीत बसले. खिरापत ओळखली ती मीच.

तेव्हापासून रंग पाळते. सोमवारचा पांढरा मात्र नेसत नाही. त्या दिवशी माझा पिस्ता असतो, आणि फोटोत मला खुशाल कडेला उभं करा.