शेवाळ हे खत नाही, पीक आहे!

क्षारपाणी:
"स्पिरुलिना टाकीत वाढवा, ती हवेतला नत्र ओढते, तेच पाणी झाडांना घाला, खताची कटकट मिटली. उद्या गाड्याही शेवाळाच्या तेलावर धावतील." ही पोस्ट पुन्हा फिरतेय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

स्पिरुलिना, म्हणजे गोळ्या-भुकटीसाठी वाढवतात ते निळं-हिरवं सूक्ष्मशेवाळ, हवेतला नत्र स्थिर करत नाही. तिला नायट्रेट किंवा युरिया आपणच घालायचा, शिवाय बायकार्बोनेट, स्फुरद, लोह. नत्र स्थिर करणारी मंडळी वेगळी: अ‍ॅनाबीना, नॉस्टॉक वगैरे दुसरी निळी-हिरवी शेवाळं. स्पिरुलिनाच्या टाकीतलं पाणी म्हणजे ९ ते १०.५ पीएचचं सोड्याचं पाणी. घाला कुंडीत, मग कोवळी पानं शिरा सोडून पिवळी पडताना बघा. मातीत लोह असतं, पण पीएच इतका चढला की मुळांना ते उचलताच येत नाही.

तेलाचं म्हणाल तर अमेरिकेने १९७८ ते १९९६ सरकारी कार्यक्रम चालवून तो गुंडाळला. एक्झॉनमोबिल ही तेल कंपनी २००९ मध्ये मोठा गाजावाजा करत उतरली आणि २०२३ मध्ये काढता पाय घेतला. उघड्या तळ्यात लिटरमागे जेमतेम अर्धा-एक ग्रॅम शेवाळ असतं. किलोभर भुकटीसाठी हजार-दोन हजार लिटर पाणी गाळा, वर वाळवायची ऊर्जा मोजा. गणित तिथेच बसतं खाली.

हिरवळ:
तेल फसलं म्हणून सगळंच मोडीत? हिमॅटोकॉकस या शेवाळापासून लाल रंगद्रव्य अ‍ॅस्टाझँथिन, ड्युनालिएला शेवाळापासून बीटा कॅरोटीन, बाळांच्या दूध-भुकटीतलं डीएचए (ओमेगा-३ प्रकारातलं मेदाम्ल), हे धंदे व्यवस्थित चालू आहेत. माशांमधलं ओमेगा-३ सुद्धा मुळात शेवाळातूनच येतं. आणि शेवाळाच्या द्रवखताने माझी मिरची तरारली, ती काय हवेवर?

क्षारपाणी:
बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. बहुतेक बाटल्यांत समुद्री शेवाळाचा अर्क असतो, एस्कोफायलम वगैरे. ते हातभर लांब वाढतं. इथे विषय सूक्ष्मशेवाळाचा आहे.

हिरवळ:
मिरची तरारली की नाही एवढंच मला कळतं. बाकी पांडित्य चालू द्या.

वैतागलेला_शाकाहारी:
माझ्या मेहुण्यांनी बी-१२ साठी स्पिरुलिनाच्या गोळ्या खाल्ल्या. विकणाऱ्याने छातीठोक सांगितलं होतं. रिपोर्ट जैसे थे, पाय बधिर व्हायला लागले तेव्हा डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. स्पिरुलिनातलं बी-१२ बहुतांशी नकली रूपातलं, शरीराला निरुपयोगी. यावर कुणी लिहीत का नाही?

मातीतला_माणूस:
अवांतर: शेवाळ सोडा, मला ते हायड्रोपोनिकचंच, म्हणजे मातीविना नुसत्या खतपाण्यावर पिकवण्याचंच, खटकतं. सलाइनवर ठेवलेला पेशंट आणि ती झाडं, फरक सांगा. चव नाही, जीव नाही. युरोपीय संघ मातीविना पिकाला सेंद्रिय शिक्का देत नाही, तो उगाच?

टाकीवाला:
आणि अमेरिकेत मिळतो, ते सोयीस्कर विसरलात. मूळ नायट्रेट उचलतं, ते शेणातून आलं की पोत्यातून हे विचारत नाही. झाक्स आणि क्नॉप या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६० च्या सुमारास नुसत्या क्षारांच्या पाण्यात झाडं वाढवून दाखवली. चव बेताची लागते ती बऱ्याचदा पाणचट वाढवल्यामुळे. ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) थोडा चढा ठेवा, टोमॅटो लहान येतील पण गोड लागतील.

मातीतला_माणूस:
म्हणजे मीठ पाजून गोड करायचं! धन्य आहे.

टाकीवाला:
हो, तसंच. खाऱ्या जमिनीतले टोमॅटोही त्याच कारणाने गोड. ती तुमची मातीच बरं का.

मातीतला_माणूस:
उपमर्द नको. माझ्या भाच्याने कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेटवाली खतं एकाच डब्यात घट्ट कालवली, तळाशी पांढरा साका बसला, ड्रिपर तुंबले, सगळा पालेभाजीचा वाफा सुकला. माती असती तर तिने सांभाळून घेतलं असतं.

टाकीवाला:
अ आणि ब टाकी वेगळी ठेवतात ती याचसाठी. भाच्याची चूक पद्धतीच्या माथी मारू नका. मात्र माती चुका पोटात घालते, हे कबूल. टाकीत सकाळी चुकलं की संध्याकाळी झाड मान टाकतं.

हिरवळ:
मूळ धाग्यावर या की! भातखाचरात निळं-हिरवं शेवाळ नत्र देतं, पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्याच्या, म्हणजे अ‍ॅझोलाच्या पानात अ‍ॅनाबीना राहते, हे क्षारपाणींनी शिताफीने टाळलं.

क्षारपाणी:
अ‍ॅनाबीनाचं नाव वर मीच लिहिलंय, वाचायचे कष्ट घ्या. भातापुरतं मान्य, घ्या आनंद. पण म्हणून कुंडीत स्पिरुलिना ओतू नका.

टाकीवाला:
माझ्याकडे कुणीही न ओतता शेवाळ येतं. टाकीत उजेड शिरला की भिंती हिरव्या, नायट्रेट फस्त, रात्री प्राणवायू खाली. टाकी काळ्या कापडाने झाका, एवढंच करून बघा. ज्यांना ते विकायचंय त्यांनी खुशाल खरवडून न्यावं.